शांताक्कांचं सावकास पाणी

माझ्या स्वयंपाकघराची खिडकी आणि शांताक्कांच्या पुढच्या खोलीची खिडकी समोरासमोर होत्या. मधे हातभर रुंदीचा बोळ. सकाळी चहाचं आधण ठेवलं की पलीकडून एक आवाज ऐकू यायचा. कुणीतरी पाण्याखाली बसून, न थांबता, स्वतःशीच हळू बोलतंय असा. आधण उकळायला लागलं की तो त्यात बुडून जायचा आणि गॅस बंद केला की पुन्हा वर यायचा. आता गॅस बंद केल्यावर काही वर येत नाही. मी तरीही थोडा वेळ उभी राहते. चहा निवतो.

रामनगरच्या हायस्कुलात मी मराठी शिकवायला आले तेव्हा शांताक्का सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. बिऱ्हाड लावून दोन दिवस झाले नव्हते, तोच त्या तांब्या घेऊन दारात उभ्या राहिल्या. मला वाटलं, शेजारधर्म म्हणून दूध आणलंय. तांब्यात मासे होते. करड्या रंगाचे, तांदळापेक्षा थोडे मोठे.

"टीचर, न्हाणीघरातला हौद कुटं हाय?"

त्यांनी स्वतःच हौद शोधला, तांब्या पाण्यात तिरका धरला आणि मासे आपणहून बाहेर पडेपर्यंत तसाच धरून ठेवला. ओतला नाही.

"गप्पी हायत. डासाची अळी खातात. ह्यास्नी खायला घालू नगासा हं, पोट भरलं की कामचुकारपणा करतात. आमच्या डॉक्टरागत."

दवाखान्याच्या मागं सिमेंटच्या टाकीत हे मासे पाळलेले असत. पावसाळा तोंडावर आला की शांताक्का घरोघर हिंडून ते हौदात, टाकीत, विहिरीत सोडत. गावात त्यांना ओळखत नाही असं घर नव्हतं. ज्याच्याशी बोलायचं त्याच्या भाषेत त्या बोलत. एका गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कानडी, कोकणी, मराठी अशा तिन्ही भाषा होऊन जात. तिन्हींत त्यांचा एकच शब्द ठरलेला होता. सावकास.

सुई टोचतानाही तोच. "सुई दुखत न्हाई वो, नर्सची घाई दुखती," असं त्या म्हणत. आणि खरंच, त्यांच्या हातचं इंजेक्शन कधी संपलं ते कळत नसे. शब्दाबरोबर त्यांची एक खूणही होती. सलाईनच्या नळीवर प्लॅस्टिकची छोटी चक्री असते, ती अंगठ्यानं फिरवली की थेंब कमी-जास्त होतात. जन्मभर ती फिरवून त्यांच्या अंगठ्याला ती सवयच लागली होती. कुणी भरभर बोलायला लागलं, भरभर जेवायला लागलं, की त्या हात वर करून अंगठा तर्जनीवरून हळूच मागं ओढत. थेंब कमी कर. एकदा लोंढ्याहून येताना बसच्या ड्रायव्हरलाही त्यांनी आरशात बघून तशी खूण केली होती. तो बिचारा काही न कळता हळू चालवायला लागला.

त्यांचे यजमान नारायणमामा. मूल नव्हतं. मामांचं गाव सुप्याच्या धरणाच्या पाण्याखाली गेलं, तेव्हा तिथल्या इतर माणसांसारखेच तेही रामनगरात येऊन राहिले. शांताक्का त्या गावात सून म्हणून जेमतेम दोन पावसाळे नांदल्या होत्या. पण बोलताना त्या नेहमी 'आमच्या गावात' म्हणत ते त्या गावाबद्दल. घरामागं परडं होतं, परड्याच्या कडेनं व्हाळ वाहायचा. भांडी त्यात, धुणं त्यात. मार्गशीर्षात पाऊस संपून सगळा गढूळपणा खाली बसला की त्या व्हाळाचं पाणी असं चालायचं, की पानं तरंगताना दिसायची पण आवाज करायचं नाही.

वैशाखात धरणाचं पाणी उतरलं की मामा गणेशगुडीकडं जाऊन काठावर उभे राहायचे. एकदा शांताक्का आणि मीही त्यांच्याबरोबर गेलो होतो. मामांनी बोट लांब केलं. "तितं आंबा हुता. आंब्याच्या खाली वाट. वाटेच्या पल्याड व्हाळ." समोर नुसतं पाणी होतं, आभाळ घेऊन स्वस्थ पसरलेलं. मला ते सुंदर दिसलं, आणि मी तसं म्हणणार होते. शांताक्का पाठ करून उभ्या होत्या.

"मला उभ्या पाण्याकडं बगवत न्हाई, टीचर," त्या म्हणाल्या. "ते आलं तेव्हा असंच आलं. वाजलं न्हाई की काय न्हाई. सकाळी शेताच्या बांधाला, सांजच्याला बांधावर."

शांताक्का निवृत्त झाल्या आणि त्याच वर्षी मामांच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात-पाय गेला, वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणल्यावर मामांनी भिंतीकडं तोंड केलं ते केलंच. पेजेचा चमचा ओठाशी नेला की ओठ मिटायचे. शांताक्कांनी असे रोगी पुष्कळ पाहिले होते. त्या मला बोळातल्या खिडकीतून म्हणाल्या, "शरीर आपल्या आपण सुधारंल की वो. पर ह्यास्नी बगायला कायतरी पायजे. माणूस भिंतीकडं बगाय लागला की पेज घशाखाली जात न्हाई."

त्यासाठी काचेची टाकी आली. खाटेच्या डाव्या अंगाला, मामांची नजर सहज पडेल अशा उंचीवर त्यांनी ती ठेवली. मामांची बहीण सरूबाई नंदिगड्ड्याला दिलेली. तिच्या भातशेताच्या पाटातून रिबनीसारखं लांब गवत आलं, गोल पानांची एक वेल आली, तळाला टाकायला बारीक वाळू आली. गप्पी मासे तर घरचेच. आठवडाभरात टाकीत एक लहानसं हिरवं रान उभं राहिलं. मामांनी मान वळवली, पाहिलं, आणि पुन्हा भिंतीकडं वळले.

शांताक्का टाकीपुढं बसून राहिल्या. मग मला म्हणाल्या, "उभं पाणी हाय. चुकलंच माझं."

मी फोनवर वाचून त्यांना सांगितलं होतं, की झाडं भरपूर आणि मासे थोडे असले तर फिल्टर नसला तरी चालतो. झाडंच पाणी साफ ठेवतात. ते खरंही होतं. पण शांताक्कांना फिल्टर पाण्याच्या सफाईसाठी नको होता. त्यांना पाणी चालायला हवं होतं.

पहिला फिल्टर त्या एकट्याच बेळगावहून घेऊन आल्या. पाण्यात बुडवायचा, आत मोटर असलेला, काळा. तो लावला आणि टाकीत वादळ सुटलं. रिबनीचं गवत मुळासकट उपटून वर आलं. लांब शेपटीचे नर एका कोपऱ्यात जाऊन तोंड वर करून धापा टाकू लागले. गप्पी अंडी घालत नाहीत, जिवंत पिल्लं देतात. त्यातली टाचणीच्या डोक्याएवढी पिल्लं त्या यंत्राच्या जाळीकडं ओढली जाऊ लागली. शांताक्कांनी जाळीवर गॉजपट्टी गुंडाळली, धार काचेकडं वळवली, तरी त्याचा जोर काही कमी होईना.

दुसरा होता काचेला बाहेरून टांगायचा. पाणी वर ओढून घ्यायचा आणि धबधब्यासारखं खाली सोडायचा. त्यानं झाडं वाचली, मासेही बरे राहिले. पण तिसऱ्या दिवशी शांताक्का खिडकीत आल्या त्या पदर तोंडाला लावून हसतच.

"काय झालं?"

"काय सांगू, टीचर. ते धबधब ऐकलं की ह्यास्नी सारखी लघवी लागतीया. भांडं देऊन देऊन माझी कंबर गेली. त्यो फिल्टर हाय का औषध हाय?"

त्या हसत होत्या, पण मामा अजून भिंतीकडंच होते. पेज अजून अर्ध्यावर थांबत होती, आणि मनगट दिवसेंदिवस बारीक होत चाललं होतं. हसून झाल्यावर त्यांनी डोळे पुसले ते नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ.

तिसऱ्या खेपेला त्यांनी मला बरोबर घेतलं. बेळगावचा तो दुकानदार पन्नाशीचा, गप्पिष्ट माणूस. शांताक्कांना बघून त्यानं कपाळाला हात लावला.

"आलासा अक्का? आता कुटला परत आणलाय?"

"दोन्ही आणल्यात. तुमच्याकडं हायत तेवढे सगळे मला पाण्यात चालवून दावा."

त्यानं एका रिकाम्या टाकीत एकेक यंत्र लावायला सुरुवात केली. "ह्यो बगा, फुल प्रेशर! पाणी आरशागत ऱ्हातंय."

"मला मासे धुवायचे न्हाईत, पोसायचे हायत."

मग त्यांनी पिशवीतून कागदाची पुडी काढली. पुडीत भाताचं तूस होतं. चिमूटभर तूस त्यांनी पाण्यावर टाकलं आणि वाकून पाहत राहिल्या. पहिल्या यंत्रानं ते भिरकावून काचेला चिकटवलं. दुसऱ्यानं गिळलं. बाहेर ठेवायच्या डब्याचा एक मोठा फिल्टर होता, त्याच्या नळ्या बघून दुकानात आलेली दोन गिऱ्हाइकं थांबली. त्या फिल्टरनं तूस एका बाजूला ढीग करून ठेवलं. प्रत्येक वेळी शांताक्का डोळे मिटून आवाज ऐकत, मग मान हलवत.

दुकानदार कंटाळला. "अक्का, फिल्टर घ्यायला आलायसा का लगीन जमवायला?"

"लगीनच हाय. आमच्या घरात नांदायचा हाय की त्यानं."

शेवटी त्यानं खालच्या फळीवरून एक स्पंज काढला. नळीच्या तुकड्यावर बसवलेला काळा गोळा, हवेच्या लहान पंपाला जोडायचा. "ह्यो गरिबाचा. ह्येला कोण विचारत न्हाई. बुडबुडे वर जातात, त्येंच्या मागनं पाणी जातंय, आणि घाण स्पंजात बसती. बास. पिल्लं ओढायची ताकदच न्हाई ह्येच्यात."

शांताक्कांनी तूस टाकलं. ते थोडा वेळ विचार केल्यासारखं थांबलं आणि मग टाकीच्या कडेनं सावकाश फिरायला लागलं. त्या कितीतरी वेळ बघत राहिल्या. दुकानदार काही बोलणार होता. त्यांनी त्याच्याकडं न बघताच हात वर केला आणि अंगठा मागं ओढला.

घरी आल्यावरही काम संपलं नव्हतं. पंप जमिनीवर ठेवला, तर पहिल्याच संध्याकाळी करंट गेला आणि टाकीतलं पाणी नळीतून उलटं येऊन जमिनीवर पसरलं. मग पंप टाकीपेक्षा उंच टांगायचं ठरलं. मोडलेला हात गळ्यात अडकवायची तिकोनी पट्टी असते, तशा पट्टीची झोळी करून शांताक्कांनी पंप छताच्या वाशाला लटकावला. झोळीत बसल्यावर त्याची घरघरही कमी झाली. बुडबुडे मात्र फार येत होते. फार बुडबुडे सोडले तर झाडांना लागणारा वायू पाण्यातून उडून जातो, असं मी वाचलेलं सांगितलं.

"म्हंजी झाडास्नी पण सावकासच पायजे," त्या म्हणाल्या, आणि जुन्या ट्रंकेतून सलाईनची नळी काढून तिच्यावरची चक्री त्यांनी हवेच्या नळीवर चढवली. अंगठ्यानं थोडी फिरवली. थांबल्या. आणखी थोडी. बुडबुड्यांमागून बुडबुडे येण्याचा वेग निजलेल्या माणसाच्या श्वासाइतका झाला, तेव्हा त्यांनी हात काढला.

रिबनीचं गवत एका अंगाला कललं. फार नाही, कुणी हाक मारल्यावर मान वळवावी इतकंच.

मामांनी मान वळवली होती. ते बराच वेळ पाहत होते. मग चादरीखालून त्यांचा डावा हात निघाला, आणि टाकीच्या उजव्या कोपऱ्याकडं, गवताच्या पल्याड, बोट लांब झालं. शांताक्का त्यांच्या बोटाच्या दिशेनं वाकल्या.

"व्हय," त्या म्हणाल्या. "तितंच. आंब्याच्या पल्याड."

मी माझ्या घरी आले. थोड्या वेळानं खिडकीतून वाटी वाजल्याचा आवाज आला. रिकाम्या वाटीचा आवाज वेगळा असतो.

त्यानंतर मामांची तब्येत हळूहळू सावरली. चालणं-बोलणं आलं नाही; पण ते बसू लागले, डाव्या हातानं जेवू लागले. पावसात तारा तुटून दोन-दोन दिवस करंट जायचा, तेव्हा शांताक्का टाकीशी बसून फुलपात्रानं पाणी घेत आणि धारेमधे बोटं धरून, काचेच्या कडेनं पुन्हा आत सोडत. गप्पा मारता मारता, भाजी निवडता निवडता. पाणी उभं राहू द्यायचं नाही.

मग त्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. बेळगावला काही दिवस राहावं लागणार होतं म्हणून सरूबाई नंदिगड्ड्याहून भावाजवळ येऊन राहिली. कामसू बाई. तिनं घर सारवल्यासारखं स्वच्छ केलं, आणि जाता जाता तिचं लक्ष टाकीतल्या त्या काळ्याकुट्ट स्पंजाकडं गेलं. आपल्या भावासमोर असली घाण? तिनं तो काढला, साबण लावून नळाखाली घसघसून धुतला, उन्हात वाळवला आणि नव्यासारखा करून परत बसवला. शांताक्का डोळ्याला पट्टी लावून आल्या तोवर पाणी दुधट झालं होतं आणि मासे एकेक करून मरून वर येत होते.

स्पंजात बसलेला तो काळा गाळच पाणी राखत असतो. त्यात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, माशांची घाण तेच पचवतात. शांताक्का म्हणूनच तो कधी नळाखाली धरत नसत. टाकीतलंच पाणी पातेल्यात काढायच्या, त्यात तो दोनदा दाबायच्या आणि काळाच परत लावायच्या.

हे कळल्यावर सरूबाई उंबऱ्यावर बसून रडायला लागली. "वैनी, मी मेलीनं तुमचं घर धुऊन टाकलं."

मामांनी पुन्हा भिंतीकडं तोंड केलं होतं. एका डोळ्यानं शांताक्कांनी ते पाहिलं, आणि मग सरूबाईशेजारी बसून तिच्या पाठीवर हात ठेवला.

"वन्सं, रडू नगा. तुमी माया केलासा. जरा घाईची केलासा, एवढंच. उठा, तांब्या घ्या. माझ्या माशांची पोरं गावभर हायत."

दोघी गल्लीत निघाल्या. शांताक्कांना नीट दिसत नव्हतं, म्हणून सरूबाईनं त्यांचा हात धरला होता. ज्या ज्या घरात कधीकाळी शांताक्कांनी हौदात मासे सोडले होते, त्या घरांत सरूबाई संकोचानं विचारायची, "चार गप्पी मिळतील काय वो?" मला वाटतं, त्यांनी पाच-सहा घरं केली असतील, पण दुपारपर्यंत बातमी त्यांच्या पुढं गेली होती. संध्याकाळी बायकाच आपणहून दारात यायला लागल्या. कुणाच्या हातात तांब्या, कुणाच्या हातात स्टीलचा डबा, एकीच्या हातात लोणच्याची बरणी. "अक्का, तुमच्याच माशांची नातवंडं हायत ही." शांताक्का प्रत्येकीकडं माशांबरोबर हौदाच्या तळाचा थोडा गाळही मागून घेत होत्या. तो त्यांनी धुतलेल्या स्पंजात मुरवला. पाणी निवळायला वेळ लागला. पहिले काही मासे त्यांनी बादलीतच ठेवले, घाई केली नाही. मामा वळले तेव्हा सरूबाईनंच त्यांना पेज भरवली.

शांताक्का गेल्या त्याला आता वर्ष होईल. मामांना सरूबाई नंदिगड्ड्याला घेऊन गेली, टाकीही नेली. गेल्या महिन्यात मी जाऊन आले. मामांची खाट ओसरीवर आहे, डाव्या अंगाला टाकी, वाशाला तीच झोळी. मी गेले तेव्हा सरूबाई पातेल्यात टाकीचं पाणी घेऊन स्पंज दाबत होती. दोनदा दाबला, आणि तसाच काळा परत लावला. माझ्याकडं बघून ओशाळं हसली. "वैनीचं घर हाय ते, टीचर. धुऊन कसं चालंल?" मामांनी मला ओळखलं. त्यांचं बोट टाकीच्या उजव्या कोपऱ्याकडं गेलं. मी वाकून पाहिलं, आणि व्हय म्हटलं.

शांताक्कांचं मला शेवटचं दर्शन घडलं ते त्यांच्या दारातच. सकाळपासून छातीत दुखत होतं. ते कशाचं दुखणं आहे हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं. हुबळीला न्यायला गाडी आली, तेव्हा त्यांनी मामांच्या कपाळावरून हात फिरवला, टाकीकडं एकदा पाहिलं आणि स्वतः चालत जाऊन मागच्या सीटवर बसल्या. मी मामांजवळ थांबायचं ठरलं होतं. गाडी सुरू झाली. काच वर होती. त्या माझ्याकडं बघून काहीतरी म्हणाल्या, ते मला ऐकू आलं नाही. मग त्यांनी हात वर केला आणि अंगठा तर्जनीवरून हळूच मागं ओढला.

मी लगबगीनं आत गेले, चक्रीला हात लावला. बुडबुडे रोजच्यासारखेच येत होते. गवत रोजच्याइतकंच कललं होतं. मामा तिकडं बघत होते. कमी करण्यासारखं काही नव्हतं. ते त्यांना सांगावं म्हणून मी पुन्हा दारात आले, तोवर गाडी नाक्याच्या वळणाला पोचली होती. मागच्या काचेतून त्यांचा हात अजून दिसत होता, खांद्याच्या वर धरलेला, आणि अंगठा फिरत होता.